कर्सर कुठे अडखळतो ते बघा, नुसत्या उत्तरापेक्षा जास्त कळतं

स्क्रीनवर साधा प्रश्न आहे, ‘ही सर्व्हिस तुम्ही दुसऱ्या कुणाला सुचवाल का?’, वर दोन कोपऱ्यांत दोन बटणं, हो आणि नाही. एकाचा कर्सर सरळ ‘हो’वर गेला आणि क्लिक. दुसऱ्याचा आधी ‘नाही’कडे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला, वळला आणि मग कुठे ‘हो’वर क्लिक झालं. तुमच्या एक्सेल शीटमध्ये दोघांची नोंद सेम, ‘हो’. पण ही दोन ‘हो’ एकसारखी नाहीत हे कुणीही सांगेल, फक्त ते दिसायला कर्सरची वाट रेकॉर्ड झालेली पाहिजे.

ती रेकॉर्ड कशी करायची, वाचायची कशी आणि तिच्यावरून काय म्हणायचं नाही (हे शेवटचं जास्त महत्त्वाचं, कारण लोक तिथेच वाहवत जातात) ते सगळं इथे लिहितोय. थोडंफार कोडिंग येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही.

आधी हे का चालतं ते

आपल्याला वाटतं की डोकं आधी निर्णय घेतं, मग हाताला ऑर्डर जाते आणि हात कामाला लागतो. पण कॅच घ्यायला धावणारा फील्डर बॉल नक्की कुठे पडणार हे कळेपर्यंत उभा राहत नाही ना, तो धावता धावता दिशा बदलत राहतो, माऊसवरचा हातही तसाच वागतो. निर्णय अजून शिजत असतो तेव्हाच हात निघालेला असतो, आणि डोक्यात ज्या पर्यायाचा जोर त्या क्षणी जास्त त्या बाजूला वाट थोडी ओढली जाते.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते मायकेल स्पायव्ही आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, २००५ साली, स्पायव्ही तेव्हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होता. प्रयोग इतका साधा की आपल्याला का नाही सुचला असं वाटतं. स्क्रीनवर दोन चित्रं, कानात एक शब्द, त्या शब्दाच्या चित्रावर क्लिक करायचं, बस. शब्द ‘कँडल’ आणि दुसरं चित्र कँडीचं असेल तर माऊस आधी दोघांच्या मधून, थोडा कँडीकडे झुकत जायचा आणि मग हळूहळू मेणबत्तीकडे वळायचा. दुसरं चित्र आवाजाने अजिबात न जुळणाऱ्या वस्तूचं असेल तर वाट बरीच सरळ. म्हणजे शब्द पूर्ण ऐकू येण्याआधीच डोकं दोन्ही शक्यता जिवंत ठेवून होतं आणि हात त्या दोघींच्या मधून चालला होता. मराठीत करून बघायचं असेल तर बदक आणि बदाम घ्या, ‘बद’ ऐकेपर्यंत दोन्ही चित्रं रेसमध्ये असतात. मग बदक आणि छत्री देऊन बघा. वाघ-वाटी, मासा-माकड अशा जोड्याही चालतील.

नंतर लोकांनी हीच आयडिया बाकी गोष्टींना लावली. रिक डेल वगैरेंनी २००७ मध्ये प्राण्यांची वर्गवारी करायला लावली, देवमासा हा मासा की सस्तन प्राणी वगैरे, तर बरोबर उत्तर देणाऱ्यांचाही माऊस वाटेत चुकीच्या पर्यायाकडे झुकत होता, आणि मांजरासारखा सरळ प्राणी असला की तितका झुकत नव्हता. (मराठीत करताना इथे चित्रच दाखवा, शब्द लिहिला तर नावातच मासा आहे, रिझल्टची वाट लागेल.) जोनाथन फ्रीमन आणि नलिनी अंबाडी यांच्या गटाने २००८ मध्ये चेहरे दाखवले, स्त्री की पुरुष ते निवडायचं. लांब केसांचा पुरुष दिसला की लोक क्लिक ‘पुरुष’वरच करायचे पण वाट ‘स्त्री’कडे ओढली जायची. विचारलं असतं तर कुणी म्हणालं नसतं की मला क्षणभर कन्फ्यूजन झालं.

टेस्ट बनवताना

आता स्वतः करायचं तर मांडणी जवळपास ठरलेली आहे आणि तिच्यात उगाच क्रिएटिव्ह होऊ नका. खाली मधोमध ‘स्टार्ट’ बटण, वर डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात दोन पर्याय. अंतर भरपूर ठेवायचं, कारण वाटच लहान असेल तर ती वाकणार कुठे. पर्यायांची बटणं दोन्हीकडे एकाच साइजची पाहिजेत. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवलंय की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त लागतो, म्हणजे तुम्ही एक बटण मोठं आणि एक लहान ठेवलंत तर तुम्ही विचार मोजत नाही आहात, बटणाची साइज मोजताय.

सगळ्यात जास्त घोळ सुरुवातीलाच होतो. स्टार्ट दाबल्या दाबल्या प्रश्न दाखवला तर बरेच लोक हात जागेवर ठेवून निवांत विचार करतात, ठरवतात आणि मग एका रेषेत जाऊन क्लिक करतात. वाट सरळ. तुम्ही म्हणणार अरे वा, काहीच गोंधळ नाही, आणि गोंधळ सगळा होऊन गेलेला असतो, फक्त हात हलत नव्हता. यावर उपाय म्हणजे स्टार्ट दाबून कर्सर थोडा वर सरकला की मगच प्रश्न दाखवायचा, म्हणजे माणूस आधीच निघालेला असतो आणि विचार चालता चालता होतो. शेरबाउम आणि किस्लिख यांनी २०१८ मध्ये नेमकं यावरच काम केलंय, सुरुवात कशी करता यावर वाटांचा डेटा बदलतो. हे जमत नसेल तर निदान सूचना द्या की लगेच हात हलवायला लागा, उत्तर नक्की नसलं तरी, आणि साधारण अर्ध्या सेकंदात कुणी हललंच नाही तर त्या फेरीनंतर (एक प्रश्न, एक क्लिक म्हणजे एक फेरी) ‘जरा लवकर निघा’ असा मेसेज दाखवा. फेरीच्या मध्ये नको, नाहीतर तो मेसेज वाचायलाच लोक थांबतात.

डावं-उजवं प्रत्येक वेळी आलटून पालटून ठेवायचं, कारण उजव्या हाताने माऊस धरणाऱ्याला वर-डावीकडे आणि वर-उजवीकडे जायला मनगट आणि कोपर वेगळं वळवावं लागतं, रेषेचा नैसर्गिक बाकच वेगळा पडतो. ‘हो’ कायम उजवीकडे ठेवलंत तर तो बाक तुम्ही विचाराच्या खात्यावर टाकाल.

बाकी बारीकसारीक: खरा माऊस द्या, टचपॅड नको, निदान मिक्स तरी करू नका. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये माऊस जोरात हलवला की कर्सर आणखी लांब उडवायचं सेटिंग असतं, ते बंद करा. टेबलावर जागा मोकळी पाहिजे, नाहीतर माऊस कडेला पोचतो, माणूस तो उचलून परत मागे ठेवतो आणि तुमच्या डेटात एक सुंदर ‘विचारमग्न’ पॉज येतो, ज्याचा विचाराशी काही संबंध नसतो. पहिल्या काही फेऱ्या सरावाच्या म्हणून सोडून द्यायच्या.

प्रश्न निवडताना सोपे आणि अडचणीचे दोन्ही लागतात, हे विसरू नका. नुसते अवघड प्रश्न विचारलेत तर तुलना कशाशी करणार. त्याच माणसाची सोप्या प्रश्नावरची वाट ही तुमची पट्टी आहे, तिच्या मानाने अवघड प्रश्नावर किती वाकला ते बघायचं. दोन वेगळ्या माणसांच्या वाटा थेट शेजारी ठेवून ‘हा जास्त गोंधळलेला’ म्हणणं चूक आहे, एकाचा हातच सैल असतो, दुसरा रोज तासन्‌तास गेम खेळतो.

रेकॉर्ड कशाने करायचं

रेडीमेड पाहिजे असेल तर फ्रीमन-अंबाडी यांचं माऊसट्रॅकर २०१० पासून आहे. ओपनसेसमी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला माऊसट्रॅप नावाचं प्लगइन जोडता येतं (किस्लिख आणि हेनिंगर यांचं), आणि त्याच नावाचं आर या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज आहे, त्यात पुढचं सगळं गणित होतं. ब्राउझरमध्ये लोकांना लिंक पाठवून करायचं असेल तर जेएससायक या ऑनलाइन प्रयोग बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊस ट्रॅकिंगचं एक्स्टेन्शन आहे.

स्वतः लिहायचं तर जावास्क्रिप्टच्या वीस-पंचवीस ओळी पुरतात. पॉइंटरमूव्ह इव्हेंट (कर्सर हलला की ब्राउझर देतो ती खूण) पकडायचा, प्रत्येक वेळी क्लायंट-एक्स, क्लायंट-वाय (कर्सरची आडवी आणि उभी जागा) आणि परफॉर्मन्स-नाऊ ची वेळ एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, टाकत जायची, क्लिक झालं की सेव्ह. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा इव्हेंट कर्सर हलला तरच येतो, थांबलेला असेल तर काहीच येत नाही. म्हणजे डेटात दोन ओळींमध्ये ३०० मिलिसेकंदांची गॅप दिसली तर रेकॉर्डिंग बिघडलं असं समजू नका, बहुतेक वेळा माणूस तिथे थांबलाय, आणि तीच जागा सगळ्यात कामाची असते. ती गॅप पुसून सलग रेषा काढून देणारे स्क्रिप्ट्स पाहिलेत मी, वैताग येतो. दुसरी गोष्ट, साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा जागा सांगतो पण ब्राउझर हे इव्हेंट स्क्रीनच्या फ्रेमबरोबर एकत्र करून देतात, म्हणजे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर तुम्हाला दर १६-१७ मिलिसेकंदांनी एक बिंदू मिळतो. आपल्या कामाला तेवढं भरपूर आहे.

विंडोची साइज पण त्याच वेळी सेव्ह करा. ती नसेल तर नंतर ‘एक्स बरोबर ५००’ म्हणजे डावीकडे की मध्ये हे कळायला मार्ग नाही.

एक वाट जवळून

समजा विंडो १२०० पिक्सेल रुंद आहे. स्टार्ट बटण (६००, ७५०) वर, ‘पक्षी’ डावीकडे (१५०, ८०) वर, ‘सस्तन’ उजवीकडे (१०५०, ८०) वर. स्क्रीनवर वाय खालच्या दिशेने वाढतो हे नवीन लोकांसाठी सांगतोय, वर जाताना आकडा कमी होतो. चित्र आलं वटवाघळाचं. आणि रेकॉर्डिंगमधले निवडक बिंदू असे: ३०० मिलिसेकंदांवर कर्सर (५९०, ६००), ४५० वर (५२०, ४३०), ६०० वर (५००, ३३०), त्यानंतर मध्ये एकही बिंदू नाही, पुढचा थेट ७४० मिलिसेकंदांवर, तिथून ९०० वर (७६०, २२०) आणि ११५० ला (१०५०, ८०) वर क्लिक. उत्तर बरोबर, सस्तन.

आता हे वाचायचं कसं. स्टार्टपासून ‘सस्तन’पर्यंत एक सरळ रेषा मनात काढा, ती आदर्श वाट. खऱ्या वाटेवरचा कुठला बिंदू त्या रेषेपासून सगळ्यात लांब आहे? इथे (५००, ३३०), अंतर काढलं तर साधारण ३१७ पिक्सेल येतं. याला कमाल विचलन म्हणा किंवा मॅक्स डेव्हिएशन म्हणा, सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा हाच. खरी वाट आणि सरळ रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढायचीही पद्धत आहे, दोन्ही साधारण एकच गोष्ट सांगतात. मग आडवी दिशा किती वेळा उलटली ते मोजायचं, इथे आधी डावीकडे चालला होता आणि मग उजवीकडे वळला, म्हणजे एकदा. आणि ६०० ते ७४० मध्ये तो जागेवर होता.

थोडक्यात हा माणूस पक्ष्याकडे चांगला शंभर पिक्सेल गेला, थांबला, आणि मग एका झटक्यात सस्तनकडे वळला. घोड्याच्या चित्रावर याच माणसाचं विचलन ३०-४० पिक्सेल असेल तर हे ३१७ नक्कीच काहीतरी सांगतंय. काय सांगतंय? तर पंख बघून पक्षी हा पर्याय त्याच्या डोक्यात खरोखर उभा राहिला होता आणि नंतर मागे पडला. याच्या पुढे एक पाऊलही जाऊ नका. ‘याला विज्ञान कच्चं आहे’ हे या रेषेत लिहिलेलं नाही.

सरासरीचा सापळा

आता भरपूर वाटा गोळा झाल्या की सगळे त्यांची सरासरी काढतात. प्रत्येक फेरी वेगवेगळ्या वेळात संपलेली असते म्हणून आधी प्रत्येक वाट १०१ समान टप्प्यांत ताणून किंवा आवळून घेतात, डावीकडच्या वाटा आरशासारख्या उलट्या करून एकाच बाजूला आणतात आणि मग सरासरी. एक छान गुळगुळीत कमान मिळते. आणि लगेच निष्कर्ष, की निर्णय असा हळूहळू, वाहत वाहत होतो.

थांबा. समजा अर्धे लोक सरळ गेले आणि अर्धे आधी चुकीच्या बाजूला जाऊन कोपरासारखे वळले. यांचीही सरासरी गुळगुळीत कमानच येते, आणि तशी कमान एकाही माणसाने काढलेली नसते! या दोन गोष्टींचा अर्थ अगदी वेगळा आहे, एकात दोन्ही पर्याय एकाच वेळी ओढत होते, दुसऱ्यात एक पर्याय ठरला होता आणि नंतर मत बदललं. हे ओळखायला बायमोडॅलिटी कोएफिशियंट नावाचा आकडा काढतात, ०.५५५ च्या वर गेला की डेटात बहुतेक दोन वेगळे गट आहेत असं धरतात. २०१९ मध्ये वुल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर वाटांचे प्रकार पाडून ठेवायची पद्धतच दिलीय, सरळ, कमानदार, कोपरासारखी वगैरे. पण आकड्याच्या आधी डोळे वापरा. सगळ्या कच्च्या वाटा हलक्या पारदर्शक रंगात एकावर एक काढा आणि बघा, दोन टोळ्या असतील तर लगेच दिसतात.

आणि १०१ टप्प्यांत आवळल्यावर थांबल्याची वेळ खरी राहत नाही, म्हणून मूळ वेळेचा डेटा टाकून देऊ नका.

याच्याने किती खोल जाता येतं

मला यातलं सगळ्यात भारी काम वाटतं ते २०१५ चं, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या अंतोनियो रँगेलच्या गटाचं. लोकांना आधी बरेच खाद्यपदार्थ दाखवून त्यांची चव किती आवडते आणि ते तब्येतीला किती चांगले वाटतात याचे मार्क द्यायला लावले. मग दोन-दोन पदार्थ समोर ठेवून माऊसने निवडायला लावलं. आणि मग प्रत्येक क्षणाला कर्सरचा कोन बघितला, की या क्षणी हाताची दिशा चवीतल्या फरकाने ठरतेय का तब्येतीतल्या फरकाने. तर चवीचा परिणाम वाटेवर आधी दिसायला लागला, तब्येतीचा त्यानंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांनी. आणि ज्यांच्यात तब्येतीचा विचार लवकर पोचत होता त्यांचा स्वतःवरचा ताबाही जास्त दिसला. म्हणजे ‘मनावर ताबा नाही’ म्हणतो त्याचा एक भाग असा असू शकतो की शहाणा विचार येतो, पण उशिरा येतो, तोवर हात अर्ध्या रस्त्यात पोचलेला असतो. हे नुसत्या क्लिकवरून कधीच कळलं नसतं.

तुम्हाला असं करायचं असेल तर गुरुकिल्ली तीच, आधी दोन गोष्टींचे मार्क वेगळे घ्या आणि मग वाटेत कुठला घटक कधी दिसायला लागतो ते शोधा. गणित थोडं वाढतं, रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती परिणाम ते काढायचं संख्याशास्त्रातलं गणित) येत असेल तर जमेल.

खोटं पकडता येतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतोच. इटलीत पादुआ विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये एक मस्त प्रयोग केला. काहींना खोटी ओळख पाठ करायला दिली, नाव, जन्मतारीख, गाव. पाठ केलेल्या प्रश्नांना हे लोक पटकन उत्तर देतात. पण मध्येच अनपेक्षित प्रश्न टाकला, तुमची सूर्यरास (जन्मतारखेवरून ठरते ती) अमुक आहे का? आता खऱ्या माणसाला आपली रास तोंडपाठ असते, पण खोट्या जन्मतारखेची रास मात्र जागेवर हिशोब करून काढावी लागते. तिथे माऊसची वाट वाकडी व्हायची, वेळ लागायचा, चुका व्हायच्या, आणि यावरून कोण खोटं बोलतंय हे बऱ्याच अचूकपणे ओळखता आलं. पण नीट बघा, इथे माऊसने खोटं पकडलं नाही, जास्तीचा हिशोब पकडला. खऱ्याच माणसाला आपली रास माहीत नसेल तर त्याचीही वाट अशीच वाकडी येणार. म्हणून ऑफिसात कुणी ‘माऊसवरून खोटं पकडणारं सॉफ्टवेअर’ विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मूडचंही तसंच. २०१७ मध्येच आलेल्या एका अभ्यासात वैतागलेल्या, चिडलेल्या लोकांचा माऊस जास्त अंतर फिरतो आणि हळू चालतो असं आढळलं. गटांमधला फरक म्हणून हे ठीक आहे. एकट्या माणसाचा माऊस हळू चाललाय म्हणून तो चिडलाय असं म्हणायला लागलात तर मनगट दुखणारे, थकलेले, नवीन माऊस हातात आलेले सगळेच चिडके ठरतील.

वेबसाइट किंवा फॉर्म तपासायचा असेल तर

इथे कोपरे, स्टार्ट बटण वगैरे काही नसतं, लोक आपापले हिंडत असतात, त्यामुळे विचलन वगैरे मोजायच्या भानगडीत न पडता वर्तन बघायचं. बघायच्या गोष्टी म्हणजे: एका रकान्यावर जाऊन परत आधीच्या रकान्यावर येणं, ‘सबमिट’वर कर्सर नेऊन क्लिक न करता फिरवत ठेवणं, क्लिक होत नाही अशा गोष्टीवर पटापट क्लिक मारणं, पेज अडकलं की गोल गोल फिरवणं, आणि सुसाट वर, टॅब बंद करायच्या दिशेने जाणं. हे शेवटचं साइटवाल्यांना चांगलं माहीत आहे, तुम्ही निघालात की ‘थांबा, तुमच्यासाठी ऑफर’ असा पॉप-अप येतो ना, तो कर्सर पेजच्या वरच्या कडेबाहेर गेल्याचं बघूनच.

कर्सर जिथे तिथे नजर, असं मात्र धरून चालू नका. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडच्या संशोधकांनी नजरेचं आणि माऊसचं रेकॉर्डिंग एकत्र करून बघितलंय, कधी दोन्ही बरोबर चालतात, खासकरून क्लिक करायची वेळ जवळ आली की, पण वाचताना बरेच लोक माऊस बाजूला पार्क करून ठेवतात. काही जण बोट ठेवून वाचल्यासारखा ओळीखालून कर्सर नेतात, काही जण मोकळ्या जागेत सोडून देतात. त्यामुळे हीटमॅपवर (कर्सर जिथे जास्त असतो तो भाग लाल दाखवणारा नकाशा) लाल भडक डाग दिसला की ‘लोकांना हा भाग आवडला’ असं मीटिंगमध्ये सांगण्याआधी दोन-चार रेकॉर्डिंग स्वतः बघा, बऱ्याचदा तो नुसता पार्किंगचा डाग असतो. उलट, सर्चच्या पानावर कुणी काहीच क्लिक न करता गेला तर तो नाराज होऊन गेला का उत्तर तिथेच मिळालं म्हणून गेला, हे कर्सर कुठे रेंगाळला त्यावरून बरंच ओळखता येतं, मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनच्या डेटावर २०११ मध्ये हे दाखवलंय.

आणि जिथे अडखळलेलं दिसतं तिथे त्या माणसाला विचारा. रेकॉर्डिंग त्याच्यासमोर परत चालवायचं, थांबलेल्या जागी पॉज करायचं आणि ‘इथे काय चाललं होतं?’ एवढंच म्हणायचं. ‘इथे तुम्ही गोंधळलात का?’ असं विचारलंत की समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. निम्म्या वेळा उत्तर असं असतं की फोन आला होता.

परवानगी

कर्सर रेकॉर्ड करताय हे लोकांना आधी सांगा, गुपचूप नको. २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या ५०,००० साइट्सपैकी ४८२ साइट्सवर सेशन रिप्ले देणाऱ्या कंपन्यांची स्क्रिप्ट्स सापडली, कर्सर, स्क्रोल, टाइप केलेलं, सगळं रेकॉर्ड करणारी, काही ठिकाणी फॉर्म सबमिट न करता खोडलेला मजकूरसुद्धा. तुम्हाला वाटांची गरज आहे, मजकुराची नाही, मग कीबोर्डचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा आणि नाव, ईमेल वाटांच्या फाइलमध्ये येऊ देऊ नका. तरी एक लक्षात असू द्या की माऊस हलवायची लकब माणसागणिक वेगळी असते, त्यावरून यूजर ओळखायच्या सिस्टिम्स बनवलेल्या आहेत, त्यामुळे नाव काढलं म्हणजे फाइल पूर्ण निनावी झाली असं नाही. काम झालं की डिलीट करा. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांवर असलं काही गुपचूप चालवायचा विचार असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

बॉट (माणसाऐवजी क्लिक करणारे प्रोग्राम) ओळखायलाही हेच वापरतात, साध्या स्क्रिप्टचा कर्सर एकाच वेगाने रेषेत जातो नाहीतर थेट उडी मारतो, माणसाचा आधी वेग घेतो, शेवटी मंदावतो, बटणाच्या जरा पुढे जाऊन परत येतो. तुमच्या ऑनलाइन टेस्टच्या डेटात अशा अति शहाण्या वाटा दिसल्या तर त्या आधी बाजूला काढा.

फोनवर काय करायचं? तिथे बोट उचललं जातं आणि दुसरीकडे टेकतं, मधल्या हवेतली वाट कुठेच नोंदली जात नाही, नुसता टॅप हातात येतो. त्यामुळे फोनवर करायचंच असेल तर टॅपऐवजी ड्रॅग ठेवा, खाली मधोमध एक गोल, तो बोट न उचलता वरच्या एका कोपऱ्यात ओढून न्यायचा, बोट उचललं तर फेरी बाद. बोटाखाली चित्र झाकलं जातं म्हणून चित्र स्क्रीनच्या वरच्या भागात, दोन पर्यायांच्या मध्ये ठेवा आणि फोनचा डेटा माऊसच्या डेटात मिसळू नका.